खाणीवरची जमीन आणि विहिरीतले पाणी

वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. चंद्रपूर-वणी भागातल्या कितीतरी विहिरी आणि बोअर याच खडकावर जगतात. भूमिगत खाण या पाणीदार खडकाखाली चालते, म्हणून जमीन खचणे आणि पाणी उतरणे यांची मोजणी एकत्रच करावी लागते.

इथल्या भूमिगत खाणी मुख्यतः बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. थरात गॅलऱ्या काढायच्या आणि छत पेलायला कोळशाचेच खांब सोडायचे. खांब भक्कम असतील तोवर वरची जमीन सहसा हलत नाही. पुढे डिपिलरिंगमध्ये खांबही काढले जातात, छत कोसळते आणि वरचे खडक वाकत खाली येतात. खाण खोल असेल तर जमिनीवर पसरट खळगा पडतो. त्याच्या मध्यभागी जमीन दाबली जाते, कडेला ताणली जाते आणि तिथेच भेगा पडतात. या कडा खालच्या कामाच्या हद्दीबाहेरही जातात. उथळ खाणीवर मात्र अचानक भगदाड पडू शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला एक राहते घर असेच जमिनीत गेले.

मोजणीसाठी पॅनेलवर, म्हणजे खाणकामाच्या एका आखलेल्या भागावरच्या जमिनीत, खुंट्यांच्या दोन ओळी रोवतात, एक थराच्या उताराच्या दिशेने आणि दुसरी तिला काटकोनात. ज्याच्याशी उंची ताडायची तो बेंचमार्क खचण्याच्या कक्षेबाहेर हवा. लेव्हलने खुंटीची उंची मिळते, टोटल स्टेशनने दोन खुंट्यांमधले अंतर. जमीन किती खचली ते उंचीवरून कळते. घरांना आणि विहिरींच्या बांधकामाला तडे देणारा ताण अंतरातल्या फरकावरून कळतो.

खरा पेच काळ्या मातीचा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात खाण नसलेल्या शेतातही हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत वरवर रोवलेली खुंटी ऋतूंबरोबर वरखाली होते, म्हणून तिचा पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो. उन्हाळी भेगा जाळीसारख्या सगळ्या वावरात पसरतात. खाणीची भेग लांबच लांब, पॅनेलच्या कडेने, धुरे ओलांडत जाते. तिच्या एका बाजूची जमीन बऱ्याचदा खाली बसलेली असते. दोन्हींना एकच समजले, तर नुकसानभरपाईचा हिशेब शेतकऱ्यावर अन्याय करतो. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारने मोठा परिसर एकदम पाहता येतो, पण उभ्या कपाशीत त्याचे संकेत बिघडतात. छपरांवर आणि रस्त्यांवर ते जास्त भरवशाचे.

केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. प्रदेशाचा कल कळायला ते पुरते, चालू पॅनेलला नाही. तिथे पाण्याच्या पातळीची स्वयंचलित नोंद करणारे पिझोमीटर लागतात, तेही कामठी आणि त्याखालच्या, कोळशाचे थर असलेल्या बराकार खडकासाठी वेगवेगळे. एकाच बोअरमध्ये दोन्हींचे पाणी मिसळले तर कोणता थर रिता होतो आहे ते कधीच कळत नाही. खाणीच्या प्रभावाबाहेरच्या विहिरीही सोबत मोजाव्यात. त्या नेहमीसारख्या असून फक्त आतल्या उतरल्या, तर पावसाला दोष देता येत नाही. मग भूमिगत खाणीबरोबर शेजारच्या ओपनकास्ट, म्हणजे उघड्या खाणीचा उपसाही तपासावा लागतो. खाणीतल्या पंपांची नोंदवही फार बोलकी असते. जोरदार सरीनंतर काही तासांतच उपसा वाढला, तर भेगांमधून पाणी थेट खाली जात असल्याची शंका घ्यावी.

कोळशातल्या पायराइटला हवा आणि पाणी मिळाले की आम्ल आणि सल्फेट तयार होते. खडकातले कार्बोनेट आम्ल मारते, त्यामुळे सामू नेहमीसारखा दिसत असतानाही सल्फेट वाढत राहते. नुसता सामू पाहणे म्हणूनच फसवे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ४००. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही भागांत फ्लोराइड मुळातच जास्त आहे. खाण सुरू होण्याआधीचे नमुने नसतील तर कोणता दोष खाणीचा आणि कोणता मुळातला, हे ठरत नाही. हे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. विहीर गावाची आहे.

खाण बंद झाल्यावर पंप थांबतात आणि पोकळ्यांत पाणी वर्षानुवर्षे चढत राहते. भिजलेले खांब कमजोर होऊ शकतात, म्हणून पातळी आणि खुंट्यांची मोजणी त्यानंतरही चालू ठेवावी लागते. जुन्या कामांचे नकाशे आजच्या गट नकाशावर बसवले जातात. नकाशा अपुरा असेल तिथे बोअर घेऊन पोकळी शोधतात आणि वस्तीखाली असल्यास वाळू किंवा औष्णिक केंद्राची राख भरतात.