शिष्यवृत्ती ही खैरात नव्हे!

'सरकारचे जावई' हा टोमणा ऐकल्याशिवाय आमच्यापैकी कोणाचेही शिक्षण पूर्ण झालेले नाही. आता तोच टोमणा सभ्य भाषेत येतो : "जात कशाला पाहता? जो गरीब असेल त्याला मदत करा." पण अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची अट आधीपासूनच आहे, हे ही मंडळी सांगत नाहीत.

ही अट आहे वार्षिक अडीच लाखांची. २०१९ साली खुल्या प्रवर्गातील आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण दिले, तेव्हा मर्यादा ठरली ८ लाख! एक शिष्यवृत्ती आहे, दुसरे आरक्षण आहे, हे मान्य. पण गरिबी मोजण्याची फूटपट्टी प्रवर्ग पाहून बदलते, हा आमचा आक्षेप आहे. महाराष्ट्रात अडीच लाखांच्या वर फ्रीशिप मिळते, म्हणजे फी माफ होते. निर्वाह भत्ता मात्र मिळत नाही. आणि भत्ता तरी किती? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार वसतिगृहात राहून व्यावसायिक पदवी घेणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ११२५. एवढ्यात पुण्यात दोन वेळची मेस तरी लागते का?

आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी पदवी पहिल्यांदाच आली. आई निंदणीला, बाप हमालीला. प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या खिडकीवर सांगण्यात आले, "आधी फी भरा, स्कॉलरशिप आली की परत मिळेल." कोणी बचत गटातून कर्ज काढले, कोणाच्या आईने मंगळसूत्र गहाण ठेवले. शिष्यवृत्तीचा हप्ता आला तो परीक्षा उरकल्यावर. कागदावर माफ असलेली फी आम्ही प्रत्यक्षात व्याजासकट भरली. आमच्यातले जे मध्येच गळाले, त्यांची बुद्धी कमी नव्हती. पैसा वेळेवर आला नाही.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्याबदल्यात संस्थानात १० वर्षे नोकरीचा करार होता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतूद हवी, ही मागणी त्यांनी लावून धरली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट त्यांनी सरकारची जबाबदारी बनवली. तिला खैरात म्हणणाऱ्यांना हा इतिहास ठणकावून सांगा.

म्हणून मित्रांनो, फी मागितली तर ती मागणी लेखी द्यायला सांगा. भरलीच तर पावती घ्या. महाडीबीटीवरचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकला की समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. एकट्याने जाऊ नका. दहा जण मिळून जा. एकट्याला खिडकीवरून हुसकावता येते, दहा जणांना उत्तर द्यावे लागते.

जय भीम!