तिसरा डोळा

जाताना न दिसलेली गोष्ट परतताना दिसते, ही गंमत तुम्हीही अनुभवली असेल. आमच्या दापोड्यात भातखाचरांच्या जागी आता गोदामं उभी आहेत. पण बांधाआडचा साप काय किंवा खोक्यांआडचा उंदीर काय, समोरून जाणाऱ्याला दिसत नाही!

आपलं मोठं आतडंही असंच. ती काही गुळगुळीत नळी नव्हे. आत घड्याच घड्या. डॉक्टर दुर्बीण टोकापर्यंत नेतात आणि बारकाईनं पाहतात ते ती बाहेर काढताना, निदान ६ मिनिटं. तरीही घडीमागे दडलेला पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, कधी निसटतो. असा एखादा कोंब वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊन बसतो. वेळीच कापला तर संकट टळतं.

मग माणसानं युक्त्या काढल्या. दुर्बिणीच्या टोकावर मऊ काट्यांचं कडं चढवलं. परतताना ते घड्या सपाट करतं. कुणी तर उलटं पाहणारी चिमुकली दुर्बीणच तिच्यातून पुढे सरकवली आणि नाव दिलं 'थर्ड आय'! शंकराचा तिसरा डोळा कपाळावर. हा मात्र मागे वळून पाहणारा.

हे सारं मला कळलं ते अक्काच्या तपासणीमुळे. शौचावाटे रक्त जात होतं, आणि ती चार महिने गप्प. "इश्श, असलं का कुणाला सांगायचं?" दोन कोंब निघाले, त्यांतला एक घडीआडचा. आज ती चकल्या तळते आहे. पण ही संकोचाची घडी कुठल्या कड्यानं सपाट व्हायची? ती घरच्यांनीच हलक्या हातानं उलगडायची. फराळाच्या ताटावर नको. पण भाऊबिजेची ओवाळणी झाली की बहिणीला एकदा विचाराच!