गाडी चुकली

मुलीचा बॉस्टनहून फोन येतो तेव्हा तिची रात्र असते आणि आमची सकाळ. परवा बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, मी आजोबांना खूप मिस करते." फोन ठेवल्यावरही ते क्रियापद कानात राहिलं.

मिस करते. त्यात ती कर्ता, आजोबा कर्म. माझ्या तोंडी असं वाक्य येत नाही. मला बाबांची आठवण येते. इथे कर्तेपण आठवणीकडे. मी चतुर्थीत, दार लोटून न घेता बसलेला. ती केव्हा येईल याचा नेम नाही. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत येते, दाढी करताना येते. चार माणसं जमली की आपण आठवण काढतोही, पण त्या काढलेल्या आठवणीनं घसा दाटत नाही.

इंग्रजी शब्दकोश उघडला. या क्रियापदाचा जुना अर्थ नेम चुकणं. माणसाची उणीव जाणवणं हा पुढचा. वाचून थबकलो, कारण आपलं 'चुकणं'ही याच वाटेनं गेलं आहे. नेम चुकतो, गाडी चुकते, काळजाचा ठोका चुकतो, जत्रेत मूल चुकतं. आणि घरातलं माणूस गेलं की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. इंग्रजीनं तिथे कर्म ठेवलं. आपण 'सारखं' म्हणून थांबलो. काय चुकलं, कुणाचं चुकलं, सांगितलंच नाही. ते न सांगणं मला फार खरं वाटतं.

बाबांची नोकरी मुंबईला, जाणं-येणं डेक्कन क्वीननं. 1 जून 1930 ला सुरू झालेली ही गाडी पुण्याहून सकाळी 7.15 ला सुटते. पासवाल्यांचे डबे ठरलेले, शेजार ठरलेले, काहींची मैत्री तर पुढे सोयरिकीपर्यंत गेली. 192 किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. बाबा निघायचे तेव्हा आम्ही झोपेत, यायचे तेव्हा पेंगुळलेले. बाबा आमच्या वाट्याला रविवारपुरतेच.

पण वर्षाकाठी एखाद्या सकाळी आठाच्या सुमाराला लाकडी जिन्यावर त्यांचे बूट वाजायचे. दारातूनच म्हणायचे, "गाडी चुकली." मागच्या गाडीनं जाता आलं असतं. ते जात नसत. आई काही न बोलता कांदा चिरायला घ्यायची, पोह्यांचा वास माजघरभर पसरायचा, आणि शाळेला निघालेले आम्ही दप्तरं खाली ठेवून त्यांच्याभोवती घोटाळत राहायचो. त्या शब्दाचा पहिला अर्थ मी असा शिकलो. चुकणं म्हणजे बाबा परत येणं.

काल मुलीनं आजीला फोनवर तेच सांगितलं, त्याच शब्दात. आई थोडा वेळ गप्प होती.

"हो गं," म्हणाली. "मलाही सकाळी चुकल्यासारखं होतं. आठ वाजले की जिन्याकडे कान लागतो."