इंदूरच्या अंगणातील भोंगा

समुद्रकाठच्या माणसाने होडीच्या मोटरीचे दुखणे उलगडून घ्यावयास इंदुरास जावे, ही गोष्ट आम्ही घरी सांगितली तेव्हा सर्वांनी हसून घेतले. हसण्यासारखेच आहे. वसईच्या खाडीत जन्म गेला, अर्नाळ्यापासून उत्तनपर्यंत होड्या पाहिल्या, आणि शहाणपण मिळाले ते माळव्याच्या पठारावर, जेथून समुद्राचा वारासुद्धा लागत नाही!

खरे सांगावयाचे तर आम्ही त्या कामासाठी गेलो नव्हतोच. आमचे एक जुने स्नेही नोकरीतून निवृत्त होऊन आपल्या इंदूरच्या वडिलोपार्जित घरी राहावयास गेले. त्यांचा आग्रह होता. मेअखेरीस बोरिवलीस अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलो. रात्रभर गुजरात झोपेत ओलांडला, रतलामच्या सुमारास डोळे उघडले, आणि उज्जैन, देवास करीत सकाळी इंदूर आले. गृहिणीने पोहे व जिलबी एकाच बशीत पुढे ठेवली. आम्ही जरा बिचकलो, परंतु दुसऱ्या दिवशी आम्हीच ती मागून घेतली.

इंदूर हे आपल्या माणसास परके वाटत नाही. होळकरांच्या काळापासून तेथे मराठी घराणी नांदत आहेत. राजवाड्याच्या सात मजली दरवाजाखाली उभे राहिले की कोठूनतरी मराठी कानावर येतेच. फक्त तिच्यात हिंदीची साखर अधिक. दिवसा ऊन असे की डांबर पातळ व्हावे. पण रात्री गच्चीवर गार वारा सुटतो. 'शबे-मालवा' म्हणून ज्या रात्रींची कीर्ती आहे त्या ह्याच.

पाण्याची मात्र ह्या गावची कथा न्यारी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. नर्मदा दक्षिणेस, खाली निमाडात. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे ते पाणी उपसून, सुमारे 70 किलोमीटर आणून, घाट चढवून शहरास दिले जाते. पहिले पाणी आले 1978 मध्ये. नर्मदा स्वतः पश्चिमेस आपल्या अरबी समुद्रास मिळते. परंतु तिचे जे पाणी नळाने इंदुरात येते, ते वापरून झाल्यावर कान्ह नदीतून क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत, तेथून यमुनेत व गंगेत जाऊन बंगालच्या उपसागरास पोहोचते. गावात तलावही पुष्कळ. धारच्या रस्त्यावरील सिरपूर आणि गंभीर नदीवरील यशवंत सागर ह्या दोन जलाशयांना 2022 मध्ये रामसरच्या जागतिक यादीत स्थान मिळाले; यशवंत सागरी सारस पक्षी असतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या स्नेह्यांच्या शेजारी एक वृद्ध मेकॅनिक राहतात. आजोबांच्या वेळेपासून कुटुंब इंदुरातच. तिसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांच्या अंगणातून एकाएकी कर्कश भोंगा ऐकू आला, आणि आमच्या हातातील चहा बशीत सांडला. तो आवाज आम्ही ओळखत होतो. गेल्या नाताळच्या आठवड्यात तोच आवाज आम्ही खाडीत ऐकला होता.

त्या दिवशी आमच्या पुतण्याच्या छोट्या होडीत आम्ही नऊ जण होतो. त्यांपैकी चार मुले. होडीच्या मागल्या फळीला जुनी, दोन स्ट्रोकची आउटबोर्ड मोटर. खाडीच्या मध्यावर भोंगा ओरडू लागला. मुलांनी कान झाकले. पुतण्या म्हणाला, "काका, हा असाच वाजतो, वायर खराब आहे." आणि आम्ही, वयाने वडील असून, काय म्हणालो? "मग तोड ना ती वायर एकदाची!" त्याने चाकूने तोडली. शांतता झाली. दहा मिनिटांनी मोटरीतून वाफ निघाली व ती बंद पडली. ओहोटी लागली होती; होडी मुखाकडे, वाळूच्या दांड्याकडे निघाली. एका परतणाऱ्या मच्छीमार बोटीने दोर टाकला म्हणून आज हे लिहितो आहोत. पुतण्याच्या आईने आम्हांस दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

तेव्हा आम्ही चप्पल पायात घालून तडक शेजारच्या अंगणात गेलो.

तेथे लोखंडी घोडीवर एक मोटर टांगलेली होती आणि तिचे खालचे अंग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडालेले होते. निमाडातील घाटांवरून, तलावांवरून आणि पावसाळ्यापूर्वी पुराच्या बचावाच्या होड्यांवरून अशा मोटरी त्यांच्याकडे येतात. 2023 च्या सप्टेंबरात त्या भागात अतिवृष्टी होऊन नर्मदेला मोठा पूर आला होता. तेव्हापासून जूनपूर्वी मोटर तपासून घेण्याची लोकांना घाई असते, असे ते म्हणाले. आम्ही आमची हकीकत सांगितली. त्यांनी ती पुरती ऐकून घेतली आणि इंदुरी पद्धतीने म्हणाले, "भिया, भोंगा वाजला की त्याला गप्प करू नये. काय म्हणतोस, ते विचारावं."

मग त्यांनी विचारावयाचे कसे ते दाखविले.

पहिली गोष्ट, भोंग्याची भाषा. पुष्कळ जुन्या मोटरींत सलग, न थांबणारा आवाज म्हणजे मोटर तापली. थांबून थांबून येणारा टूंऽ टूंऽ म्हणजे तेल कमी. काही मोटरी त्याच वेळी आपली गती आपोआप उतरवितात. परंतु प्रत्येक कारखान्याची रीत निराळी, म्हणून मोटरीसोबत आलेले पुस्तक फेकू नये. किल्ली फिरवताच अनेक मोटरींत भोंगा क्षणभर वाजतो; ती त्याची हजेरी. ज्या मोटरीत अशी हजेरी असते तीत ती न लागली, तर आधी भोंगा दुरुस्त करावा, मग होडी पाण्यात घालावी. ह्या वाक्याला आम्ही मान खाली घातली.

दुसरी गोष्ट, पाण्याची धार. ही मोटर थंड राहते ती बाहेरचेच पाणी ओढून. खाली पंखा असतो त्याच्या वर, पायात, एक लहान रबरी चक्र असते; त्याला इम्पेलर म्हणतात. ते पाणी वर चढविते, आणि थोडे पाणी मागून बारीक धारेने बाहेर पडते. भोंगा सलग वाजला की प्रथम गती कमी करावी, गिअर न्यूट्रलला आणावा आणि मागे वळून धार पाहावी. धार नसेल तर मोटर लगेच बंद. मग ती वर उचलून पाणी ओढण्याची जाळी पाहावी. तेथे प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ चिकटलेले असणे हे नित्याचेच. तापलेल्या डोक्यावर थंड पाणी मात्र ओतू नये, धातू तडकतो. तिला आपणहून निवू द्यावे.

येथे म्हाताऱ्याने एक गंमत सांगितली. माळव्यात मोटर आठ महिने छपराखाली पडून असते. तेवढ्यात कुंभारीण माशी धारेच्या भोकातच मातीचे घर बांधते! पाणी आत नीट खेळत असते, फक्त धार दिसत नाही. म्हणून धार नाही म्हणताच मोटर खोलावयास न घेता प्रथम भोकात बारीक तार घालून पाहावी. आपल्याकडे माशीच्या जागी वाळू व मीठ, इतकाच फरक.

धार चांगली असूनही भोंगा वाजत असेल तर? तेथेच आमचा पुतण्या फसला होता, किंवा फसला असे आम्हांस वाटत होते. त्यांनी मोटर बंद करून तिच्या डोक्यावर बोटाने पाण्याचा थेंब टाकला. थेंब चुरचुरला तर ताप खरा. मग थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा आतील वाटा मिठाने बुजल्या असतील. थेंब नुसता ओघळला तर भोंग्याला कोण भरवितो ते शोधावे. थंड मोटरीवर केवळ किल्ली फिरविली तरी भोंगा थांबत नसेल, तर डोक्यावरील तापमापक स्विचची वायर सोडवावी. आवाज थांबला तर स्विच बिघडला. तरीही चालू राहिला तर वायर वाटेत कोठेतरी सोलून धातूला लागली आहे. जुन्या मोटरींचे हे सुख! नव्या यंत्रांत संगणक बसला आहे, त्याला प्रश्न विचारावयास दुसरा संगणक लागतो.

तेलाविषयी ते थोडक्यातच बोलले. टाकी भरलेली असूनही भोंगा टूं टूं करीत असेल तर तरंगणारा गोळा अडकलेला असू शकतो, तळाशी पाणी साचलेले असू शकते, किंवा गाळणी भरलेली असते. परंतु तेल पोहोचते आहे अशी खात्री होईपर्यंत दोन स्ट्रोकच्या मोटरीस पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावे. पुष्कळ मोटरींत ते प्रमाण पन्नासास एक असते.

निघताना आम्ही विचारले, "मोटर पाण्याबाहेर थोडी चालवून पाहिली तर?" ते प्रथमच रागावले. कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो. म्हणून तर ते पिंप. एवढ्या पाण्यासाठी नर्मदा घाट चढून येते, असे ते म्हणाले आणि पिंपातील पाणी बादलीने काढून अंगणातील पेरूला घातले.

घरी परतल्यावर पुतण्याने आणि आम्ही पिंप मांडले. तोडलेली वायर जोडली, किल्ली फिरविली. भोंग्याने क्षणभर हजेरी दिली व तो गप्प झाला. म्हणजे वायर खराब नव्हतीच. मोटर चालू केली तर धार आली, पण अशक्त, म्हाताऱ्याच्या थुंकीसारखी. चार मिनिटांत भोंगा सलग वाजू लागला, आणि ह्या वेळी कोणी कान झाकले नाहीत. पाय उतरवून पाहिला. इम्पेलरच्या दोन पाकळ्या तुटलेल्या, बाकीच्या लाकडासारख्या ताठ. थर्मोस्टॅट मिठाने पांढरा. पुतण्या बराच वेळ ते रबर हातात घेऊन बसला होता. मग म्हणाला, "काका, तो खरंच बोलत होता."

तुटलेल्या पाकळ्यांचे तुकडे आत अडकू नयेत म्हणून वरची नळी उघडून तेही शोधून काढले. एक सापडला, दुसऱ्यासाठी रविवारची दुपार गेली. नवीन इम्पेलर बसविला आहे. वहिनींनी मुलांना होडीत पाठविण्यास अद्याप होकार दिलेला नाही, आणि आम्हीही आग्रह धरलेला नाही.