तंजावरात एक दिवस, एकटीनं!

मैत्रिणींनो, खरं सांगा, लग्न झाल्यापासून एखादं अनोळखी गाव तुम्ही एकटीनं पाहिलंय का? देवदर्शन झालं ते सासूबाईंबरोबर, महाबळेश्वर झालं ते मुलांच्या मागं धावत. मीही त्यातलीच. बावीस वर्षांच्या संसारात रस्त्यानं नेहमी ह्यांच्या चार पावलं मागं!

यंदा ह्यांना कामासाठी तंजावरला जायचं होतं. मुलं आता मोठी झाली, म्हणून मीही निघाले. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच हे बाहेर पडले. जाताना म्हणाले, "तू खोलीवर आराम कर. संध्याकाळी आल्यावर देऊळ पाहू." मी मान डोलावली आणि तासभर खिडकीतून रस्ता पाहत बसले. मग वाटलं, एवढ्या लांब येऊन चार भिंतीच बघायच्या, तर त्या घरीही होत्याच की! पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि जाड पायमोजे टाकले, हॉटेलचं कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि जिना उतरले. छातीत धडधडत होतं, हे कबूल करते.

दुकानांच्या पाट्यांवरचं तमिळ अक्षर काही लागेना. पण 'पेरिय कोविल', म्हणजे मोठं देऊळ, एवढे दोन शब्द मी पाठ केले होते. एका फुलवालीनं हातानं वाट दाखवली आणि वर अबोलीचा गजराही विकला!

बृहदीश्वराचं हे देऊळ राजराज चोळ राजानं बांधलं. ते १०१० साली पुरं झालं. शिखर सुमारे २१६ फूट उंच. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असं मी ऐकून होते. मैत्रिणींनो, सावली चांगली पडते. मी तिच्यातच बसून घाम पुसला!

जायच्या आधी वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं होतं, म्हणून भिंतींवरच्या लेखांत काय आहे ते ठाऊक होतं. आपण दिलेली दानं, थोरल्या बहिणीनं दिलेली, राण्यांनी दिलेली, सारी दगडावर कोरा, असं राजानं सांगितलं. बहिणीसाठी तिथं शब्द आहे 'अक्कन'. आपली अक्काच नाही का? आणखी एक लेख आहे. या देवळासाठी ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी आणल्या होत्या. प्रत्येकीचं नाव, ती कुठून आली, तिचं घर कुठल्या रस्त्यावर, सगळं कोरलेलं आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम साळ मिळे. कलम हे तिकडचं धान्याचं माप.

मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. आपणही परक्या गावात येऊन घर मांडलेल्याच. पण दारावरच्या पाटीवर नाव ह्यांचं, वाण्याच्या वहीत ह्यांचं, आणि शाळेत आपण 'अमक्याची आई'!

तशीच पुढं आवाराच्या नैर्ऋत्येला गेले, आणि काय सांगू! भिंतीवर देवनागरी अक्षरं, आणि भाषा चक्क मराठी! व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचं राज्य आणलं. त्यांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली घराण्याचा इतिहास इथं कोरून घेतला. सकाळपासून निरक्षर झालेली मी बोट फिरवत एकेक शब्द लावत बसले. "चल, उशीर होतोय" म्हणणारं कुणी नव्हतं!

दुपारी केळीच्या पानावर जेवले. तेवढ्यात ह्यांचा फोन. "जेवलीस का?" बावीस वर्षं हा प्रश्न मी विचारत आले, आज पहिल्यांदा मला कुणी विचारला! "देवळाजवळच्या खाणावळीत जेवतेय," म्हटलं, तर पलीकडं क्षणभर शांतताच.

मग चालत राजवाडा गाठायला निघाले आणि गल्ल्यांत चुकले. तीनदा त्याच भांड्यांच्या दुकानाशी आले. घाबरले, पण रिक्षा केली नाही. दुकानातल्या बाईंनाच विचारलं. वाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय सरफोजीराजांनी फार वाढवलं. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या आणि मोडी कागद तिथं जपलेत. राजांच्या मुदपाकखान्यातलं 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी हस्तलिखितही तिथलंच.

तुम्ही गेलात तर देऊळ सकाळीच उरका; दुपारी ते काही तास बंद असतं आणि फरशी पायाला चटके देते. पायमोजे विसरू नका. मोठ्या नोटा वेगळ्या ठेवा, आणि वाट शक्यतो बाईमाणसालाच विचारा.

परतताना मान डोलावणारी तंजावरी बाहुली घेतली. पावती करताना दुकानदारानं विचारलं, "नेम?" जिभेवर सवयीनं ह्यांचंच नाव आलं होतं. ते गिळलं आणि माझं सांगितलं.

ती पावती मी अजून जपून ठेवलीय. बाहुली कपाटावर बसून मान डोलावते आहे. मी मात्र आता जरा विचार करून डोलावते!