पिशवीवर नाव नसतं

जुन्नर तालुक्यात आळे गावी रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या मुखातून माउलींनी वेद वदवले, तोच हा रेडा, अशी आपली श्रद्धा. आसूड त्याच्या पाठीवर पडला आणि वळ माउलींच्या पाठीवर उठले, हा प्रसंग कीर्तनात ऐकताना आजही अंगावर काटा येतो. सर्वांभूती एकच आत्मा, हे त्या वळांनी आपल्याला शिकवलं.

पण आत्मा एक, तर कुणाचंही रक्त कुणालाही का चालत नाही?

आईच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात आला. शस्त्रक्रियेआधी दोन पिशव्या रक्ताची सोय करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी लगेच हात पुढे केला. तपासणीत माझा गट ए निघाला, आईचा ओ. नऊ महिने जिच्या पोटात वाढलो, तिला माझं रक्त चालेना! मामांचा गट बी. तेही मागे सरले.

रक्तपेढीतल्या ताईंनी समजावून सांगितलं. तांबड्या पेशींवर ए आणि बी अशा खुणा असतात. ज्याच्या पेशींवर जी खूण नाही, त्याच्या रक्तात त्या खुणेविरुद्धचे पहारेकरी जन्मानंतर काही महिन्यांतच तयार होतात. ओ गटाच्या माणसाला ए रक्त दिलं, तर ते पहारेकरी आलेल्या पेशी फोडून टाकतात. मूत्रपिंडं निकामी होतात, जीवही जातो. हे गट १९०१ साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिले. त्याआधी रक्त देऊन कुणी जगे, कुणी दगावे, आणि कारण कळत नसे.

आपल्या मुंबईनेही या ज्ञानात भर घातली आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच गट जगापुढे मांडला. साध्या तपासणीत तो ओ दिसतो. पण ए आणि बी या खुणा ज्या एच नावाच्या पायावर उभ्या राहतात, तो पायाच या माणसांच्या पेशींवर नसतो. म्हणून त्यांना ओ रक्तही चालत नाही, त्यांच्याच गटाचं लागतं. त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. म्हणूनच नुसता गट पाहून भागत नाही. रुग्णाचं आणि दात्याचं रक्त एकमेकांशी जुळवूनही पाहावं लागतं.

“घरचंच रक्त बरं,” असं आपल्याकडे अजून म्हणतात. तेही खरं नाही. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला कधी कधी परक्या वाटत नाहीत. शरीर त्यांना हुसकावत नाही आणि मग त्याच त्याच्यावर उलटतात. असं क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा जिवावर बेततं. म्हणून नात्यातलं रक्त द्यायचं झालं, तर आधी त्यावर किरणांची प्रक्रिया करतात.

पिशवी आली. आई माळकरी. तिने हळूच विचारलं, “कुणाचं रे हे? खाण्यापिण्यातला असेल का माणूस?” मी पिशवी पाहिली. गट होता, क्रमांक होता, मुदतीची तारीख होती. नाव नव्हतं, जात नव्हती, गाव नव्हतं. परिचारिकेने मात्र आईलाच तिचं पूर्ण नाव विचारलं, हातावरच्या पट्टीशी, कागदाशी आणि पिशवीशी ताडून पाहिलं. दुसरीनेही तेच केलं. मला आधी नवल वाटलं. मग आठवलं, आमच्या दिंडीतच एका नावाचे तिघे आहेत. चुकीच्या गटाचं रक्त चढतं ते बहुतेक वेळा अशाच नावांच्या, चिठ्ठ्यांच्या गोंधळातून.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वारीत पाया पडताना कुठं विचारतो आपण, तू कोण म्हणून? चढवा.”

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. देणाऱ्याने भेद करायचा नाही, आणि तपासणाऱ्याने बारीकातला बारीक भेद पाहायचा. दोन्ही सेवाच. एकीवाचून दुसरी अपुरी.

माउली, रक्त कारखान्यात तयार होत नाही. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल, तर निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येतं. मात्र एकादशीच्या उपाशी पोटी देऊ नये, वारीच्या चालीतही देऊ नये. आजार किंवा औषधं असतील तर लपवू नयेत. दान शुद्ध हवं. घरी परतून थकवा उतरला, की मंचर, नारायणगाव, जुन्नर, जिथे शिबिर असेल तिथे जावं.

आपण दिलेली पिशवी कुणाला गेली, हे आपल्याला कधी कळत नाही. आईला कुणी दिली, हे आम्हालाही कळलं नाही. त्या अनोळखी माउलीला दंडवत.

रामकृष्ण हरी.