टाकी कुठे बांधायची?

मी मत दिलं तेव्हा स्वारगेटला बसच्या रांगेत उभा होतो. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल आला होता: पाण्याची नवी टाकी कुठे हवी? पर्याय दोन. शाळेजवळ माळावर, किंवा मारुतीच्या देवळामागे. मी देवळामागे दाबलं. कारण सांगायला लाज वाटते. शाळेजवळची मोकळी जागा म्हणजे आमचं क्रिकेटचं मैदान. टाकी आली की ते जाणार.

पुण्या-मुंबईची पोरं मत देत होती, एक जण तर दुबईहून. संध्याकाळपर्यंत देवळामागे 118, शाळेजवळ 41. गावात एवढा लोकसहभाग मी कधी पाहिला नव्हता. ग्रुपवर तसं लिहिलंही. त्याला बरेच अंगठे आले.

1 मेला सुट्टी होती म्हणून गावी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला बसलो. माझं नाव अजून गावच्याच मतदारयादीत आहे. कायद्याने ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते, हजर लागतात. आमच्याकडे चाळीसेक खुर्च्या भरल्या होत्या. बाकीच्या सह्या वहीत नंतर होतात.

टाकीचा विषय निघाला तसं पुढून कुणीतरी म्हणालं, "ते झालंय की ग्रुपवर. बहुमतानं." विषय सरकणार तेवढ्यात मागून माझी चुलती उठली. ती माळापलीकडच्या वस्तीवर राहते. तिच्याकडे बटणाचा फोन आहे.

"देवळामागनं पाणी आमच्या वस्तीला चढंल का?"

कुणी काही बोललं नाही. देऊळ गावाच्या सखल भागात, वस्ती सगळ्यात उंचावर. तिथल्या नळाला आत्ताही करंगळीएवढी धार येते, उन्हाळ्यात तीही नाही. हे मला माहीत होतं. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलो की हंडे घेऊन खाली आम्हीच यायचो. पोलमध्ये पाणी चढण्याचा प्रश्न नव्हता, आणि रांगेत उभं असताना मलाही तो आठवला नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तू कुठं दिलं मत?"

"देवळामागं, काकी."

"का रं?"

मैदानाचं काही मी सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत एस्टोनियाबद्दल वाचत होतो. तिथे 2005 पासून इंटरनेटवरून मतदान होतं. 2011 च्या संसदीय निवडणुकीत साधारण एक चतुर्थांश मतं ऑनलाइन आली, 2023 मध्ये निम्म्याहून जास्त. एकूण मतदान मात्र दोन्ही वेळा 63-64 टक्क्यांच्या आसपासच. येणारेच लोक दुसऱ्या दाराने येऊ लागले, असं मला त्यावरून वाटतं.

तरी फोन वाईट, असं मी म्हणणार नाही. माझी वहिनी ग्रामसभेत कधीच गेलेली नाही. सासरे, दीर समोर बसलेले असताना ती काय बोलणार? पोलमध्ये तिने मत दिलं. पण पोलमध्ये कुणी कुठे दिलं ते सगळ्यांना दिसतं. तिचं नाव दादाच्या नावाखालीच होतं, त्याच पर्यायाला. एस्टोनियात ऑनलाइन मत पुन्हा देता येतं आणि शेवटचंच धरलं जातं. घरच्यांनी समोर बसून द्यायला लावलं, तर नंतर गुपचूप बदलता यावं म्हणून. वहिनीला बदलता आलं असतं, गुपचूप मात्र नाही.

ग्रामसभेने ठरवलं ते एवढंच: अभियंत्याने उंची मोजून सांगावं, मग 15 ऑगस्टच्या सभेत बघू. रात्री मी पोल उघडून माझं मत बदललं. 117 आणि 42. कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकीला फोन करून सांगितलं.

"ते फोनवरचं राहू दे. पंधरा ऑगस्टला येतोस का?"

म्हटलं, सणासुदीचे दिवस असतात, एसटीत जागा मिळेलच असं नाही.

"मग उभा राहून ये."